खालाची अलाबला

खालाच्या हाताखालून गेला नाही असा माणूस नांदेडात असेलही. पण तो एक तर कालच्या गाडीनं उतरलेला असणार, नाही तर त्याला मान नसणार. मान असलेला माणूस समोर आला, की खालाचे दोन्ही हात वर जायचे. त्याच्या डोक्यावरून, मग गालांवरून ते सावकाश खाली यायचे, तिथून तिच्या स्वतःच्या कानशिलांवर जाऊन टेकायचे आणि कडाकडा बोटं मोडल्याचा आवाज यायचा. ह्याला तिच्या घरी बलाएँ लेना म्हणत, आमच्याकडं अलाबला घेणं म्हणतात. समोरच्यावर जे काही वाईटसाईट घोंघावत असेल ते आपल्या अंगावर ओढून घ्यायचं, असा त्याचा अर्थ. एवढ्या मोठ्या गावाचं वाईटसाईट रोज अंगावर ओढून घेणारी बाई खरं तर केव्हाच अंथरुणाला खिळायला हवी होती. पण खाला सत्तरी ओलांडून ठणठणीत होती आणि आजारी आम्हीच पडायचो.

अलाबला घेताना ती माणूस बघायची नाही. गॅसची टाकी खांद्यावर घेऊन आलेला माणूस टाकी खाली ठेवण्याआधीच तिच्या हातात सापडायचा. गल्लीत कुणी नवी स्कूटर आणली की स्कूटरची बला, आणि खालाच्या बोटांतल्या अंगठ्यांनी नव्या रंगावर दोन ओरखडे. शेजारच्या शेळीला करडू झालं तर आधी शेळीची, मग करडाची, मग शेळीवाल्याची. एकदा निवडणुकीत एक उमेदवार पाया पडायला आला. त्यानं वाकायच्या आत खालानं त्याचं डोकं धरलं, टोपी मागच्या कार्यकर्त्याच्या हातात गेली, आणि बोटं अशी वाजली की दोघं-तिघं दचकून मागं सरले. "लई नजर हाय रे तुझ्यावर," खाला हळहळली. "निवडून ये का नको येऊ, जेवून जा." तो पडला. पण त्यानंतरही तो खालाच्या दारी येत राहिला. मतं मागायला नव्हे, नुसताच. पडलेल्या माणसाच्या डोक्यावरून हात फिरवणारी दुसरी कोण असणार?

बोटांच्या आवाजाबद्दल तिचं एक शास्त्र होतं. जितकी बोटं वाजतील तितकी नजर लागलेली. त्यामुळं झालं असं, की गल्लीत कुणाची किती बोटं वाजली ह्यावरून माणसाची किंमत ठरू लागली. समोरच्या घरातला बँकेतला एक देखणा तरुण होता, त्याच्यावर एकही बोट वाजलं नाही. "तुझ्याकडं कोण बघतच न्हाई रे बाबा," खाला सहज बोलून गेली, आणि त्या गड्यानं आठवडाभर दाढी केली नाही. माझ्या वाट्याला नेहमी दीड बोट यायचं. एक नीट वाजायचं आणि दुसरं वाजू की नको करत राहायचं. "एवढीशी नजर तर कुत्र्यालाबी लागती. जा," म्हणून ती मला कॉलेजात पाठवून द्यायची. मी कनिष्ठ महाविद्यालयात पोरांना कॉम्प्युटर शिकवतो. दीड बोटापेक्षा जास्त नजर माझ्यावर कोण टाकणार, हेही खरंच आहे.

खाला म्हणजे मावशी, पण ही आमची घरमालकीण. खाली ती, वर आम्ही नवराबायको. मी मूळचा अहमदपूरचा. आमच्या घरी हात लावून माया करायची पद्धत नव्हती. मी पास झालो की बाप "बरं" म्हणायचा आणि आई भाकरीवर लोण्याचा गोळा जरा मोठा ठेवायची. त्यामुळं पहिल्या दिवशी सामान उतरवता उतरवता ह्या बाईनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं तेव्हा मी लाकडासारखा ताठ झालो. बायको तर घाबरलीच. बोटं मोडणं म्हणजे शिव्याशाप देणं एवढंच तिला ठाऊक. पायरीवर पाय ठेवला नाही तोच घरमालकीण बोटं मोडायला लागली म्हटल्यावर तिनं टेम्पोवाल्याला थांबायला सांगितलं होतं. पहिले काही महिने मी खालाला अहो-जाहो करायचो. एक दिवस ती वैतागून म्हणाली, "अहो म्हणत ऱ्हायलास तर भाडेकरूच ऱ्हाशील." तेव्हापासून तू.

सगळा जन्म तिनं बायकांना बांगड्या भरल्या होत्या. तिच्या घराण्याचा तोच धंदा. काचेच्या बांगड्यांची पेटी घेऊन ती हदगावच्या बाजारात मराठी बोलायची, बिलोलीच्या बाजारात तेलुगू आणि घरी उर्दू. आणि वय झाल्यावर तिन्ही भाषा एकाच वाक्यात. "हात ढिला सोड, ढिला सोड," म्हणत ती बाईचा पंजा आपल्या हातात घ्यायची, अंगठ्याखालचं हाड असं दाबायची की मापाहून लहान बांगडी मनगटात कशी उतरली ते त्या बाईलाही कळायचं नाही. लग्नघरी नवरीला चुडा भरून झाला की नवरी पाया पडायची आणि खाला तिची बला घ्यायची. त्या हातांचा तोच अभ्यास होता. वस्तू असो की माणूस, आधी दाबून बघायचं, मग ढिलं सोडायला सांगायचं आणि शेवटी बला घ्यायची.

एकुलता एक मुलगा आखातात नोकरीला. आधी एकटा होता, मग बायकोला घेऊन गेला, आणि तिथंच गुड्डी झाली. ही नात खालानं एकदाच बघितलेली, मांडीवर मावेल एवढी असताना. मुलाच्या मुक्कामावरून व्हिडिओ कॉल धड लागायचा नाही. तोंड दिसलं तर आवाज नाही, आवाज आला तर तोंड चौकोनी. म्हणून तो गुड्डीचे व्हिडिओ काढून पाठवायचा. खालाला त्यानं चांगला मोठा मोबाइल घेऊन दिला आणि त्यात व्हिडिओ बघायचं एक ॲप घातलं. जुम्म्याची नमाज झाली की नवा व्हिडिओ यायचा. खाला पानदानाला टेकवून मोबाइल उभा करायची, डोक्यावर नीट पदर घ्यायची आणि पाहुण्यांच्या पुढ्यात बसावं तशी त्याच्या पुढ्यात बसायची. त्या वेळी जिन्यावरून उतरायचं झालं तर आम्ही चपला हातात घेऊन उतरायचो.

तिथून माझी खरी नोकरी सुरू झाली. खाला मोबाइलही बांगडीसारखाच दाबायची. बोट टेकवून सोडायचं, हे तिला पटत नव्हतं. "हाडापर्यंत दाब गेला पाह्यजे," असं तिचं म्हणणं. त्या ॲपात पडदा दाबून धरला की व्हिडिओ दुप्पट वेगानं पळतो. एक दिवस ती घाबऱ्याघाबऱ्या जिन्याखाली उभी. "मास्तर, गुड्डी लई घाईत बोलून राहिली रे. कुठं गाडी सुटून राहिली का तिची?" मी जाऊन बोट उचललं, गुड्डी सावकाश बोलू लागली. मग कधी दोनदा टिचकी बसून व्हिडिओ पुढं उडी मारायचा. आत्ता खीर खाणारी गुड्डी एकदम आंघोळीला बसलेली. "खीर कुठं गेली?" खाला विचारायची. मी खीर परत आणून द्यायचो. बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं. तोच नियम तिनं मोबाइललाही लावला. "मोबाइल वाढला रे मास्तर," असा निरोप आला की माझ्या बायकोला पहिल्यांदा तो मोबाइल मोठा झाल्यासारखा वाटला होता. गेली होती फक्त वरची काच.

व्हिडिओ मध्येच थांबवायचं बटण मात्र तिनं शेवटपर्यंत वापरलं नाही. मी दाखवलं, पुन्हा पुन्हा दाखवलं. "बोलत्या लेकराचं तोंड बंद करायचं? हे कोन शिकवलं तुला?" कुणी दारी आलं की ती मोबाइलवर रुमाल टाकायची. पोपटाच्या पिंजऱ्यावर फडकं टाकतात तसा. रुमालाखाली गुड्डी बडबडत राहायची, पाहुणा इकडं तिकडं बघायचा, आणि खाला चहा टाकत त्याला म्हणायची, "नात हाय. बोलू द्या तिला." हे सगळं इतकं रोजचं होतं, की कॉलेजात तास घेताना मला मधूनच वाटायचं, आता खीर उडाली असेल.

मग तो अंधाराचा प्रकार सुरू झाला.

"मास्तर, गुड्डी बोलता बोलता गप होती. अन् मंग तिच्यावर अंधार पडतो." मी मोबाइल घेतला. आवाज कमी होता; वाढवला. व्हिडिओ लावला. गुड्डी लख्ख उजेडात, खणखणीत आवाजात कुठलीशी कविता म्हणत होती. "बघ, काय झालंय?" मी म्हटलं. खाला बघत राहिली. "आत्ता न्हाई. माझ्याकडं आली की होतंय." मी हसलो. पुढच्या जुम्म्याला पुन्हा तेच. मी मोबाइल बंद करून चालू केला. ॲप नवीन करून घेतलं. मग ते काढून टाकून पुन्हा घातलं. मागचं जाड कव्हर आवाजाचं बटण दाबत असेल म्हणून कव्हर काढलं. पडद्यावरची काच बदलून आणली. दुकानदारानं मोबाइल उलटासुलटा करून सांगितलं, एकदम झकास आहे. माझ्या हातात तो झकासच चालायचा. कॉलेजच्या लॅबमध्ये नेला, तिथंही झकास. खालाच्या खोलीत, तिच्याच पानदानाला टेकवून, मी समोर बसलो तरी झकास. आणि मी जिना चढून वर आलो की खालून हाक यायची, "झाला रे अंधार!" मला राग यायचा, खोटं कशाला सांगू. मी पोरांना शिकवतो की यंत्र माणूस ओळखत नाही, आणि हे यंत्र तर माझ्या डोळ्यांदेखत माणूस ओळखत होतं.

त्याच सुमाराला मुलाचा निरोप आला, की गुड्डीला ताप आहे, ह्या आठवड्याला व्हिडिओ नाही. ताप दोन-चार दिवसांत उतरला. पण त्यानंतर मोबाइलसाठी खालाची हाक आली नाही. मीच विचारलं, "अंधार गेला का?" ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मोबाइलात काय न्हाई, मास्तर. राहू दे." मला बरंच वाटलं, सुटलो म्हणून.

काहीतरी बिनसलंय हे मला कळलं ते सकाळी. कॉलेजला निघालो, जिना उतरलो, सवयीनं मान जराशी वाकवली आणि तसाच उभा राहिलो. खाला दारातच होती. तिनं हात पदराखाली घेतले होते. "जा, उशीर हुईल," म्हणाली. त्या दिवशी मला दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं होत होतं; पंखा चालू ठेवून आलो की काय, कुलूप लावलं की नाही, असलं. मग बायकोनं सांगितलं, गॅसवालाही तसाच गेला. शेळीला पुन्हा करडू झालं, खाला बघायला गेली नाही. आणि गल्लीतल्या मुलीचं लग्न निघालं, तिला चुडा भरायला घरच्यांनी बोलावलं, तर खाला म्हणाली, गुडघे दुखतात. गुडघ्यांनी चुडा भरतात का? नवरी स्वतः बोलवायला आली होती, ती रडवेली होऊन परत गेली. तिच्या आईला आणि मोठ्या बहिणीला खालानंच भरला होता. संध्याकाळी बायको खाली जाऊन बसली तेव्हा खाला एवढंच बोलली, "माझा हात आता कोणावर नको. बिघडला तो."

बायको वर आली आणि माझ्यावरच घसरली. "तुम्ही तो मोबाइल कितीदा उघडून बघितलात. खाला मोबाइल बघताना काय करते, ते एकदा तरी बघितलंत का?"

नव्हतं बघितलं. आम्ही दोघं खाली गेलो. मोबाइल पानदानाला टेकवला आणि मी म्हटलं, "खाला, जुम्म्याला व्हिडिओ आल्यावर तू काय काय करतेस, पहिल्यापासून करून दाखव."

"बघते. अजून काय?"

"बघून झाल्यावर?"

तिनं मोबाइल जरा सरळ केला. मग म्हणाली, "बला घेते."

"कुणाची?"

"गुड्डीची. शेजाऱ्याची घेणार हाय का?"

"मोबाइलवर?"

"मंग! लेकरू मोबाइलात हाय तर कुठं घेऊ? भिताडावर?" एवढं बोलताना तिचा जुना आवाज परत आला होता, पण लगेच तो खाली बसला. "हात फिरवला की तिची वाचा जाती रे, मास्तर. अन् अंधार पडतो. दर खेपेला. म्या म्हनलं मोबाइल बिघडला. मंग तिला ताप आला. आता काय समजू? सगळ्या दुनियेची बला घेतली ह्या हातानं. ते सगळं हातातच राहिलं असंल. तेच लेकराला लागून राहिलं." आणि ती आपले दोन्ही तळवे असे बघू लागली, जसे काही ते दुसऱ्या कुणाचे असावेत.

मला तेव्हा काय वाटलं ते सांगता येणार नाही. एवढी सगळी सेटिंगं मी तपासली होती आणि ही बाई आठवडेच्या आठवडे असं समजून बसली होती, की आपल्याच हातानं नातीवर अंधार पडतो. पण मास्तर माणूस, मी म्हटलं, "हात चालव बरं एकदा. मला बघू दे."

"तौबा! गुड्डीवर? जीव गेला तरी न्हाई."

"गुड्डीवर नको. माझ्यावर चालव."

मी तिचाच मोबाइल घेतला, स्वतःसमोर धरला आणि व्हिडिओ काढला. काय बोलावं सुचेना, म्हणून वर्गात बोलतो तेच बोललो: नमस्कार, आज आपण कीबोर्डची ओळख करून घेऊ. मग ॲपात तो लावला आणि मोबाइल पुन्हा पानदानाला टेकवला. खाला मागं सरकली. "येडा झालास का? तुझ्यामागं बायको हाय."

"घे गं खाला, खुशाल घे," बायको म्हणाली. "ह्यांच्यावर अंधार पडला तर माझं मी बघून घेईन."

खालानं बिस्मिल्ला म्हटलं. पडद्यावर मी सांगत होतो, की कीबोर्डवर अक्षरं असतात. तिचे हात वर गेले. उजवा पंजा माझ्या गालावरून, म्हणजे पडद्याच्या उजव्या कडेवरून, हळूहळू खाली आला आणि कीबोर्डची ओळख बारीक होत होत बंद झाली. त्याच्यामागून डावा पंजा उतरला आणि माझं तोंड काळवंडत काळवंडत नाहीसं झालं. खालानं किंकाळी फोडली. "बघ! बघ म्हनलं न्हवतं!" आणि खरोखरीच्या माझ्याकडं वळून तिनं माझे दोन्ही दंड घट्ट धरले, मी आहे की गेलो ते बघायला.

मी हसत सुटलो. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी हसत होतो, त्यामुळं बायकोलाही कळेना मला काय होतंय. त्या ॲपात उजव्या कडेला बोट खाली ओढलं की आवाज कमी होतो आणि डाव्या कडेला ओढलं की उजेड. ॲप बंद केलं की उजेड पुन्हा आपला जसाच्या तसा. म्हणून माझ्या हातात यायच्या आत तो अंधार दर वेळी पळून जायचा. ज्यांनी हे ॲप केलं त्यांनी सगळा विचार केला असेल. फक्त मोबाइलातल्या लेकराच्या गालांवरून कुणी दोन्ही हात फिरवील, हे त्यांच्या डोक्यात आलं नसणार. ते माझ्याही आलं नव्हतं.

पण खालाला ते सांगून पटेना. माझ्या बोटानं अंधार पाडून दाखवला. बायकोच्या बोटानं पाडून दाखवला. "तुम्ही दोघंबी माझ्या हाताखालून गेलेले," खाला म्हणाली. शेवटी मी शेळीचा व्हिडिओ काढून आणला. शेळीवर अंधार पाडला, शेळीचं बें बंद केलं; मग बोट खालून वर नेलं, तर उजेडही आला आणि बेंही आलं. खाला पुढं सरकली. तिनं स्वतः शेळीवर अंधार पाडला, स्वतः घालवला. पुन्हा पाडला, पुन्हा घालवला. बराच वेळ तिचं तेच चाललं होतं. मग तिनं विचारलं, "म्हंजे माझा हात साफ हाय?"

"हाव," मी म्हटलं. "खाला, तुझा हात साफ आहे."

तिनं पदर तोंडाला लावला आणि ती रडली. आम्ही भिंतीकडं बघत बसलो. "उलटा हात फिरवला तर उजेड येतो बघ," मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, तर रडता रडताच तिनं मला झापलं. "उलटी बला कोन घेतंय, येड्या? खालचं वर ढकलू काय?" तेव्हा मी सेटिंगमध्ये जाऊन बोट ओढून आवाज-उजेड कमीजास्त करायची सोयच बंद करून टाकली. गुड्डीचा व्हिडिओ लावला. खालाचे दोन्ही हात त्या एवढ्याशा तोंडावरून खाली उतरले आणि गुड्डी बोलतच राहिली, उजेडातच राहिली. बोटं वाजली. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या नवरीला चुडा भरला गेला आणि मला कॉलेजला जायला उशीर झाला. दीडच बोट होतं, पण मी ते दोनदा मागून घेतलं.

ही गोष्ट मी सगळ्यांना हसत सांगतो. पुढची फारशी सांगत नाही. गेल्या वर्षी मुलगा आला आणि खालाला घेऊन गेला. चांगलं झालं. तिचं लेकरू तिला मिळालं. जायच्या सकाळी गल्ली रांगेनं तिच्या हाताखालून गेली. तो पडलेला उमेदवारही आला होता. माझी पाळी आली तेव्हा गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला, आणि बोटं वाजली की नाही ते मला ऐकूच आलं नाही. खालच्या मजल्याची किल्ली आमच्याकडं आहे. रविवारी मी खिडक्या उघडतो. पानदान जागेवरच आहे. जिना उतरताना अजून माझी मान त्या दारापाशी जराशी वाकते, आणि मग मी पायातली चप्पल बघितल्यासारखं करतो.

ईदच्या दुसऱ्या दिवशी मोबाइलवर तिचा व्हिडिओ आला. मी गच्चीवर होतो, बायको वाळलेले कपडे काढत होती. खाला तिकडच्या गुळगुळीत सोफ्यावर अवघडून बसली होती. मोबाइल गुड्डीनं धरलेला असावा, कारण तो सारखा हलत होता. "मास्तर, खिडक्या उघडून राहिलास ना रे? शीरखुर्मा कोन दिला तुम्हाला? तुझा तो कीबोर्ड म्या रोज लावते. गुड्डीलाबी पाठ झाला." मागून एक बारीक आवाज म्हणाला, नमस्कार, आज आपण. खाला हसली. मग तिचं तोंड अगदी जवळ आलं, दोन्ही हात पुढं आले, आणि पडदा काळा झाला. आवाजही दबला. सवयीनं माझं बोट उजेड वाढवायला गेलं, आणि मग लक्षात आलं, की बिघाड नाही. कॅमेऱ्यावर तिचे तळवे आहेत. ते बाजूला झाले, तिच्या कानशिलांवर गेले आणि बोटं वाजली. एक नाही, दीड नाही. सगळीच्या सगळी. खाला चकित होऊन स्वतःच्या हातांकडं बघत राहिली. "या अल्ला! लई नजर लागली रे तुला, मास्तर. इतकं कोन बघून राहिलं तुझ्याकडं?"

रोज कीबोर्डची ओळख कोण लावतं, हे तिला सुचलं नाही. मी व्हिडिओ मागं नेला. बोलत्या माणसाला थांबवू नये हे मला माहीत आहे, तरी तिचे तळवे आले, अंधार पडला, तिथंच मी तो थांबवला आणि मान खाली घातली.

"काय झालं? बिघडला का मोबाइल?" बायकोनं विचारलं.

"हाव," मी म्हटलं. "अंधार पडलाय. राहू दे."